वाल, नीरा, दूध, तूप

वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायचे. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत धरायचा आणि सालीतून सुळकन बाहेर काढायचा. मुंबई-रायगडकडच्या ज्या घरांत डाळिंब्यांची उसळ किंवा बिरडं होतं, तिथे हे सोलायचं काम शाळकरी मुलांवर नाहीतर निवृत्त आजोबांवर येतं. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: कच्चे वाल बाधतात.

बाधतात म्हणजे नेमकं काय होतं? त्यामागचं एक कारण 1955 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक विकर असतं. प्रथिनांचे तुकडे करणं हे त्याचं काम. कच्च्या वालात असा एक पदार्थ असतो, जो या ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटतो आणि त्याला निकामी करतो. म्हणजे प्रथिनं पोटात जातात खरी, पण ती पुरती अंगी लागत नाहीत. गंमत अशी, की हा अडथळा आणणारा पदार्थही प्रथिनच. भिजवण्याने, मोड आणण्याने थोडाफार फरक पडतो. त्याला खरं नरम आणते ती चुलीची आच. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून हा पदार्थ वेगळा काढून त्याचे स्फटिक मिळवण्याचं काम मुंबईत झालं होतं, आणि त्या निबंधावर विद्यार्थ्याबरोबर नाव होतं प्राध्यापक कमला सोहोनी यांचं.

कमलाबाईंचं नाव आज बहुतेकांच्या कानावर येतं ते वेगळ्याच कारणाने. जून 2023मध्ये गूगलने त्यांच्या जन्मदिनी मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकवलं, आणि दोन दिवस सगळीकडे एकच गोष्ट फिरली: सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, आणि ती हटली नाही. गोष्ट खरी आहे. सांगायलाही हवी. पण ती इतक्या वेळा आणि इतक्या चवीने सांगितली गेली आहे, की कमलाबाईंच्या आयुष्याचा नायक रामन आहेत की काय असं वाटावं. त्यांच्या कामाची पुढची तीस-चाळीस वर्षं मात्र दोन ओळींत आटपतात. म्हणून इथे उलटं करू. नकाराचं प्रकरण लवकर उरकू आणि वाल, नीरा, दूध, तुपापाशी जरा रेंगाळू.

त्या माहेरच्या भागवत. थोरली बहीण दुर्गा भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, अगदी सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेले. त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला 1933 साली गुणवत्ता यादीत पहिली आलेली मुलगी पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूला जाणार, हे घरात जवळजवळ गृहीतच होतं. बाप-काका जिथे शिकले तिथे मुलगी शिकायला निघाली, यात त्या घराला काही क्रांतिकारक वाटलं नसावं. अडलं ते बंगळुरूला. रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते, तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, शब्दाला प्रचंड वजन. त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई थेट त्यांच्या कार्यालयात गेल्या आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. ही शेवटची अट मुलीला घातली होती, मुलांना नाही. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, त्यांनी नियमित प्रवेश दिला आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडलं. 1940 साली त्यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी आल्या आणि हिरे-माणकांवर काम करू लागल्या. कमलाबाईंनी मात्र तो अपमान विसरल्याचं कधी सोंग केलं नाही. म्हातारपणी जाहीर व्यासपीठावरूनही त्यांनी तो बोलून दाखवला. थोर माणसाची चूक म्हणून गिळून टाकावी, असं त्यांना वाटलं नाही, आणि मला हे त्यांचं फार आवडतं.

बंगळुरूतली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला हात राखून न ठेवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. 1936 साली एम.एस्सी. झाली. पुढचं सगळं आयुष्य ज्या विषयाभोवती फिरलं तो विषय हातात आला तो इथे.

मध्ये केंब्रिजचं पर्व आहे. न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश आणि फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 साली नोबेल मिळालेले. त्या काळात स्त्रियांना बरोबरीने काम देणारी प्रयोगशाळा म्हणून त्यांची ख्याती होती. डेरेक रिख्टर या संशोधकाने आपलं टेबल कमलाबाईंना दिवसा वापरायला दिलं; रात्री तो स्वतः त्याच टेबलावर झोपायचा. बंगळुरूनंतर हे पाहून त्यांना काय वाटलं असेल, त्याची कल्पना करावी. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या, बटाट्यापासून सुरुवात झाली, आणि सायटोक्रोम सी हे श्वसनातलं रंगद्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं हे त्यांनी दाखवलं. चौदा महिन्यांत काम पुरं केलं, प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा. आजच्या प्रबंधांची जाडी पाहता तो कुणी स्वीकारला असता का, शंकाच आहे. 1939 साली पीएच.डी. मिळाली. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी द्यायचं ते नावापुरतं. विद्यापीठाचं पुरतं सदस्यत्व त्यांना मिळालं ते 1948 साली. रामन यांच्यावर बोट ठेवताना हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या औषध कंपन्यांची बोलावणी होती. त्या 1939 सालीच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनाचा नवा विभाग, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद आणि जीवनसत्त्वांवरचं काम. ही प्रयोगशाळा पुढे 1958 साली हैदराबादला गेली. आज आपल्या आहारात किती प्रथिनं, किती लोह याचे तक्ते ज्या संस्थेकडून येतात, तिचं हे मूळ.

1947 साली त्यांनी माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न केलं. माधवराव अॅक्च्युअरी होते. विम्याच्या हप्त्यांमागचं, म्हणजे माणसं साधारण किती जगतात याचं गणित मांडणारे. कमलाबाईंचं वय पस्तिशीच्या घरात. त्या काळात मुलीचं पंचविशीत लग्न झालं नाही तर नातेवाईक काळजीत पडत, तिथे पीएच.डी., दोन नोकऱ्या आणि मग लग्न, असा हा क्रम. लग्नानंतर कुन्नूर सुटलं आणि मुंबई आली. पुढे दोन मुलं झाली.

लग्नासाठी बाईने नोकरी सोडली की संशोधनाचं तिथेच संपलं, असा एक ठरलेला अनुभव आहे आणि तो पुष्कळदा खराही असतो. इथे तसं झालं नाही, याला निम्मं कारण योगायोग. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग निघत होता आणि सरकारने प्राध्यापकपदासाठी अर्ज मागवले होते. उरलेलं निम्मं कारण कमलाबाई स्वतः. काळा घोडा ओलांडून मादाम कामा रस्त्याकडे वळलं की डावी-उजवीकडे जी जॉर्ज विटेटची पिवळसर दगडी इमारत पसरलेली दिसते, तीच ही संस्था, 1920 सालची. आता ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. फाटकातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आज मुली मोजायची गरज पडत नाही.

कमलाबाईंनी इथे विद्यार्थ्यांना जे विषय दिले ते पाहण्यासारखे आहेत. कडधान्यं. नीरा. तांदळाचं पीठ. केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या बाईला एखादा चमकदार, आंतरराष्ट्रीय विषय निवडता आला असता. सायटोक्रोमचं काम पुढे नेता आलं असतं. तो सोडून त्यांनी गरीब माणसाच्या ताटात जे पडतं तेवढंच तपासायला घेतलं. यात देशप्रेम होतं, तसाच व्यवहारही होता. नव्या स्वतंत्र देशातल्या सरकारी संस्थेत किमती यंत्रं कुठून येणार? वाल मात्र भुलेश्वरच्या बाजारात हवे तेवढे मिळत. आणि विषय साधा असला तरी काम साधं नव्हतं, हे त्या ‘नेचर’मधल्या स्फटिकांवरून कळतंच.

नीरेची गोष्ट जरा मोठी आहे आणि ती मुंबईच्या दारूबंदीशिवाय कळत नाही. 1949 साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. ताडी काढणं हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, त्या भंडाऱ्यांच्या आणि इतरांच्या हातचं काम गेलं. ताड, माड, शिंदी, कशाचंही झाड घ्या. ताड-माडाची पोय किंवा शिंदीचं खोड छेदलं की रस मडक्यात ठिबकतो. तो झाडावरून उतरतो तेव्हा गोड आणि निरुपद्रवी असतो. ऊन चढू लागलं की हवेतलं किण्व त्यात शिरतं, फेस येतो, आणि दुपारपर्यंत त्याची ताडी झालेली असते. मडक्याला आतून चुना फासला आणि पहाट असतानाच रस उतरवला, तर तो नीरा राहतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आणि आहार यांच्यातलं अंतर काही तासांचं आणि चुन्याच्या एका हाताचं. दारूबंदीवाल्यांना म्हणूनच नीरेचा मोठा आधार वाटे: झाड तेच, माणूस तोच, फक्त विकायची वेळ बदलायची. पण नीरा नुसती ‘ताडी नव्हे’ म्हणून लोकांनी प्यावी का? तिच्यात काही सत्त्व आहे का?

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह लक्षात घेण्याजोगं आढळलं, आणि रस आटवून गूळ किंवा काकवी केली तरी त्यातलं बरंच टिकतं हेही दिसलं. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. परीक्षानळीत सत्त्व दिसणं वेगळं आणि माणसाच्या अंगाला लागणं वेगळं. वालाने हा धडा त्यांना दिलाच होता. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलामुलींच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा देऊन परिणाम पाहिला गेला आणि प्रकृतीत स्पष्ट सुधारणा आढळली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेचं पुढे काय झालं ते आपण पाहतोच. काही स्टेशनांबाहेर आणि रस्त्याकडेला नीरा केंद्रं आहेत, सकाळी फिरून येणारे काका तिथे उभ्या उभ्या पेला रिकामा करतात. रोजच्या आहारात ती कधी गेली नाही. झाडावर चढणारे कमी झाले, पहाटेचा माल दुपारपर्यंत टिकत नाही आणि गिऱ्हाइकाला नेमकी शंका असते की पेल्यात नीरा किती आणि साखरेचं पाणी किती. शेवटचा प्रश्न संशोधकाचा नाही, ग्राहकाचा आहे. कमलाबाईंच्या कामाची पुढची वाट तिकडेच गेली.

त्याआधी दूध. मुंबईत तेव्हा तबेले शहराच्या मधोमध होते. 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, म्हशी तिकडे हलल्या आणि निर्जंतुक केलेलं दूध काचेच्या बाटल्यांतून केंद्रावर येऊ लागलं. पहाटे रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट करत रांगेत उभी राहिलेली पिढी अजून आहे. या प्रकल्पाचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी. टोन्ड दुधाची कल्पना त्यांचीच मानली जाते. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची, म्हणजे तेच दूध जास्त घरांत पोचतं आणि स्वस्तही पडतं. आता पाहा, गवळी दुधात पाणी घालतो ती चोरी आणि सरकार घालतं ते धोरण. फरक एवढाच की सरकार बाटलीच्या झाकणावरून ते सांगे आणि भुकटी घालून कमी झालेलं प्रथिन भरून काढी. काय मिसळलं आणि ते सांगितलं की नाही, सगळा मामला इथे आहे. आरेच्या दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी कमलाबाईंचा सल्ला घेतला जाई. दुधातल्या प्रथिनांपासून सुरुवात केलेल्या माणसाला हे काम परकं नव्हतं.

संस्थेच्या संचालकपदाची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना काही वर्षं ताटकळत ठेवलं गेलं. अंतर्गत राजकारण, असं त्याचं सभ्य नाव. अखेर पद मिळालं आणि त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या. ज्याच्या टेबलावर केंब्रिजमध्ये काम केलं त्या रिख्टरने तिकडून कौतुक कळवलं. 1969 साली निवृत्ती. रामन यांच्या नकाराची गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी आणणारे लोक या दुसऱ्या प्रकरणावर सहसा बोलत नाहीत. पहिल्यात एक प्रसिद्ध माणूस आहे, एक खोली आहे, एक संवाद आहे. दुसऱ्यात फाइली आहेत, शेरे आहेत, पुढे ढकललेल्या बैठका आहेत. नोकरी करणाऱ्या बायकांना विचाराल तर दुसरंच जास्त ओळखीचं वाटेल.

भागवत घराण्यातल्या या दोघी बहिणींची एक जोडी लावायचा मोह होतो. थोरलीने 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवताना आणीबाणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि तुरुंगवास पत्करला. धाकटीचा हट्ट असा चव्हाट्यावर आला नाही. पण स्वयंपाकघराला दोघींनीही अभ्यासाचा विषय मानलं. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ लिहिलं, कमलाबाईंनी ‘आहारगाथा’. पदार्थ चविष्ट कसा होतो हे एकीने सांगितलं, आणि तो अंगी कसा लागतो हे दुसरीने.

कमलाबाई 1998 साली गेल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. आदल्याच वर्षी त्यांना विज्ञानातल्या कामगिरीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. हे सगळे मानसन्मान निवृत्तीनंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी आले. मधली ती वर्षं कुठे गेली? तर कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियात.

1966 साली मुंबईत नऊ बायकांनी ही संस्था काढली. देशात धान्याची टंचाई, रेशनच्या दुकानापुढे रांगा, अमेरिकेतून येणारा गहू आणि जे मिळेल ते मुकाट्याने घ्यायचं, असे ते दिवस. ग्राहक हा शब्दच तेव्हा दुकानदाराच्या तोंडी होता. त्याला काही हक्क असतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मुंबई ग्राहक पंचायत निघायला 1975 उजाडायचं होतं, ग्राहक संरक्षण कायदा यायला 1986. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्याही आधीची ही गोष्ट. त्या मोर्चाला गर्दी होती, छायाचित्रकार होते. इकडे या नऊजणींच्या हातात वजनं, मापं आणि परीक्षानळ्या होत्या. कमलाबाई या संस्थेत आल्या आणि राहिल्या. 1982-83मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्या लिहीत असत.

भेसळ ओळखायच्या सोप्या चाचण्यांची प्रात्यक्षिकं हे या संस्थेचं खास काम. त्यातली तुपाची चाचणी मला सगळ्यांत सुरस वाटते. डालडा बाजारात आला 1937 साली, आणि पाठोपाठ तो साजूक तुपात मिसळायचा धंदाही आला. रंग, रूप, दाणा सगळं सारखं. नुसत्या डोळ्यांना दाद लागू देणार नाही. सरकारने एक युक्ती केली. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे, असा नियम केला. कारण तिळाच्या तेलात एक असा घटक असतो जो तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर यांच्या संगतीने लालभडक होतो. पातळ केलेलं तूप, तेवढंच आम्ल, थोडी साखर, नळी मिनिटभर हलवायची आणि पाच मिनिटं उभी ठेवायची. खालचा थर लाल झाला, तर व्यापारी साजुकाच्या भावात डालडा विकतोय. वर्षानुवर्षं प्रत्येक डब्यात तिळाच्या तेलाचा हा खबऱ्या सरकारी हुकुमाने बसलेला होता आणि गिऱ्हाइकांना त्याची ओळख नव्हती. ती करून द्यायची, तर आधी चार बायकांना गोळा करून त्यांच्यासमोर नळी लाल करून दाखवावी लागते.

तेच हळदीचं. हळदीत किंवा तूरडाळीवर मेटॅनिल यलो हा मनाई असलेला रंग असेल, तर आम्लाचे थेंब पडताच तो जांभळट गुलाबी होतो. चहाची पूड ओल्या टीपकागदावर पसरली आणि लगेच रंगाचे डाग उमटले, तर वापरलेली पूड वाळवून, रंगवून पुन्हा विकली आहे. भेसळविरोधी कायदा 1954 सालीच झालेला होता, पण नमुना घेणारा निरीक्षक येणार कधी, अहवाल येणार कधी, खटला उभा राहणार कधी! हातात नळी असलेली बाई मात्र त्याच दिवशी दुकानदाराच्या पुढ्यात उभी राहते. जीवरसायनाची प्राध्यापक निवृत्तीनंतर इथे रमली, याचं मला तरी नवल वाटत नाही. प्रश्न बंगळुरूपासूनचाच होता: यात काय आहे, आणि ते अंगाला लागेल की बाधेल?

2006 साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला, पुढे जुना मोडीत निघाला, आणि आता केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणच घरी करायच्या चाचण्यांची पुस्तिका काढतं. दिवाळीच्या आधी पंधरवडाभर खव्यावर छापे पडल्याच्या बातम्या येतात, टेंपो पकडले जातात, पुढे त्या खव्याचं काय झालं ते कळत नाही. तेव्हा यंदा खवा आणलात तर एक करा. सुपारीएवढा तुकडा थोड्या पाण्यात उकळा, गार होऊ द्या, आणि औषधांच्या दुकानात मिळतं ते टिंक्चर आयोडीन दोन थेंब टाका. निळा रंग आला, तर त्यात रताळं, बटाटा किंवा पीठ आहे. थेंब टाकायचे ते गार झाल्यावरच. गरम पाण्यात निळा रंग उमटत नाही आणि खवेवाला सुटतो.